डच वाचन परीक्षा (ए-२): इंग्रजीच्या अंदाजावर न वाचता तयारी कशी करावी

नेदरलँड्समध्ये पाच वर्षं झाली आणि कायमस्वरूपी रहिवासाचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज करायचा म्हटलं की 'इनबुर्खरिंग' म्हणजे डच समाजात सामावण्यासाठीची परीक्षा समोर उभी राहते. आइंडहोवन, आम्स्टलव्हेन, डेन हाग इथल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण आयटीच्या नोकरीसाठी आलेले. ऑफिसात इंग्रजी चालतं, दुकानात चालतं, घरी आलेलं सरकारी पत्र मोबाइलचा कॅमेरा भाषांतर करून दाखवतो. त्यामुळे डच मजकूर स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची वेळ थेट परीक्षेआधीच येते. (नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, म्हणून अनेकांची गाडी कायमस्वरूपी रहिवासावर थांबते. परीक्षा मात्र दोन्हीकडे लागते.)

हा लेख त्यातल्या 'लेझन' म्हणजे वाचनाच्या भागापुरता आहे. परीक्षा ड्यूओ ही सरकारी संस्था घेते. संगणकावर २५ बहुपर्यायी प्रश्न आणि ६५ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला अडीच मिनिटांहून थोडं जास्त. पातळी ए-२, म्हणजे ए-१ ते सी-२ या युरोपीय भाषा-मोजपट्टीतली खालून दुसरी पायरी. ज्यांना १ जानेवारी २०२२ पासूनच्या कायद्यानुसार सक्तीने इनबुर्खरिंग करावं लागतं, त्यांच्यासाठी साधारणपणे बी-१ ही एक पायरी वरची पातळी धरली आहे. आपण नेमके कोणत्या गटात बसतो हे अर्ज भरण्याआधी इमिग्रेशन खात्याच्या म्हणजे आयएनडीच्या संकेतस्थळावर तपासून घ्यावं. लग्न होऊन जोडीदाराकडे जाणाऱ्यांना भारतातूनच जी ए-१ ची प्राथमिक परीक्षा द्यावी लागते, ती वेगळी आणि बरीच सोपी. कुशल कर्मचारी म्हणून व्हिसा मिळालेल्यांच्या जोडीदाराला ती लागतही नाही.

लेखात डच शब्द उच्चाराच्या आसपास जाणाऱ्या देवनागरीत दिले आहेत. वहीत उतरवताना प्रत्येकाचं मूळ स्पेलिंग शोधून लिहा. पहिला सराव तिथेच होतो.

आधी परीक्षा, मग अभ्यास

ड्यूओच्या इनबुर्खरिंग संकेतस्थळावर ए-२ वाचनाच्या सराव परीक्षा उत्तरांसह मोफत आहेत. त्यांची संख्या फार नाही, म्हणून त्या जपून वापरा. एक पहिल्याच दिवशी द्यायची, घड्याळ लावून, शब्दकोश आणि मोबाइल बाजूला ठेवून. बाकीच्या शेवटच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेवायच्या. पहिल्याच आठवड्यात सगळ्या उरकल्या तर पुढे प्रगती मोजायला हातात काही उरत नाही. शिवाय उत्तरं पाठ झालेली असतात ती वेगळीच.

पहिल्या परीक्षेतल्या गुणांपेक्षा चुकांचं कारण महत्त्वाचं. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर एकच कारण लिहा: मुख्य शब्द माहीत नव्हता, छोटा शब्द निसटला, वाक्याची रचना कळली नाही, मजकुरातली जागा सापडली नाही, की वेळ संपली. इंग्रजी चांगलं असलेल्यांच्या यादीत दुसरं कारण सहसा सगळ्यात जास्त वेळा येतं. 'वाटर', 'कॉन्टाक्ट', 'इन्फोर्माट्सी' असे मोठे शब्द इंग्रजीच्या जोरावर ओळखू येतात, मजकूर कळल्यासारखा वाटतो आणि उत्तर चुकतं. चुकीचे पर्याय नेमके असे अंदाजाने वाचणाऱ्यांसाठीच मांडलेले असतात.

छोटे शब्द: खरी परीक्षा इथेच असते

सहा-आठ आठवड्यांची तयारी धरली, तर त्यातले पहिले दोन पूर्ण आठवडे यावर घालवले तरी चालतील. रोज अर्धा-पाऊण तास पुरे.

वेळ आणि मुदतीपासून सुरुवात करा. 'टॉट' म्हणजे पर्यंत. 'टॉट एन मेट' म्हणजे तो दिवसही धरून. त्याचं संक्षिप्त रूप टी, तिरकी रेघ, एम असं छापतात आणि वेळापत्रकात ते सतत दिसतं. 'व्हानाफ' म्हणजे पासून, 'आउटरलक' म्हणजे उशिरात उशिरा, 'बिनन' म्हणजे आत. 'ओव्हर' हा फसवा शब्द आहे: 'ओव्हर ट्वे वेकन' म्हणजे आजपासून दोन आठवड्यांनी. 'ना' म्हणजे नंतर आणि 'नार' म्हणजे कडे. स्पेलिंगमध्ये फरक दोनच अक्षरांचा, त्यामुळे घाईत एकाचा दुसरा होतो. 'ओम दे वेक' म्हणजे दर आठवड्याला नव्हे, एक आठवडा सोडून. 'दर आठवड्याला' हवं असेल तर 'एल्के वेक' लिहिलेलं असतं. कचऱ्याच्या वेळापत्रकावर आणि वर्गांच्या जाहिरातीत हा फरक हमखास येतो.

वाराचे दोन अक्षरी संक्षेप पाठच करा. 'डी-आय' म्हणजे 'डिन्सडाख', मंगळवार. 'डी-ओ' म्हणजे 'डोंडरडाख', गुरुवार. यांच्यात गोंधळ करणारे खूप.

घड्याळाचं असं आहे: 'हाल्फ द्री' म्हणजे अडीच. तीनकडे जाताना अर्धा तास उरलाय, असा त्याचा हिशोब. 'साडेतीन' म्हणायच्या सवयीमुळे आपण 'हाल्फ' आणि 'द्री' जोडून साडेतीन करून टाकतो. 'टीन ओव्हर हाल्फ द्री' म्हणजे दोन वाजून चाळीस मिनिटं. उलट आकडे अक्षरात लिहिलेले असले तर मराठी माणसाला सोपे जातात. 'फैफ-एन-ट्विंटख' म्हणजे पाच आणि वीस, सरळ आपलं पंचवीस. इंग्रजीतून विचार करायला गेलात तरच अडखळाल. छापील रकमेत स्वल्पविराम आणि टिंब यांची अदलाबदल असते: ८,५० म्हणजे साडेआठ युरो आणि १.२५० म्हणजे बाराशे पन्नास.

आता परवानगी आणि सक्ती. 'मूट' म्हणजे करायलाच हवं. 'माख' म्हणजे करू शकता, परवानगी आहे. 'माख नीट' म्हणजे मनाई. 'हूफ्ट नीट' म्हणजे करायची गरज नाही, पण केलंत तरी हरकत नाही. प्रश्नात शेवटच्या दोघांपैकी एक असतो आणि पर्यायात दुसरा. 'विल' म्हणजे हवं आहे, इच्छा आहे. इंग्रजीतल्या भविष्यकाळाशी त्याचा काही संबंध नाही.

नकार आणि मर्यादा: 'खेन' म्हणजे एकही नाही. 'नॉख नीट' म्हणजे अजून नाही. 'नीट मेर' म्हणजे आता नाही, म्हणजे पूर्वी होतं आणि बंद झालं. 'आलेन' म्हणजे फक्त, 'बेहाल्व्ह' म्हणजे वगळून. 'पास' या शब्दाकडे विशेष लक्ष द्या. 'दुकान पास एक वाजता उघडतं' याचा अर्थ एकच्या आधी उघडतच नाही. उत्तराचा पर्याय मग 'सकाळी दुकान बंद असतं' अशा वेगळ्या शब्दांत येतो.

इंग्रजीसारखे दिसणारे पण भलताच अर्थ असलेले शब्द वेगळ्या पानावर लिहून भिंतीला लावा. 'वान्ट' म्हणजे कारण, 'ऑफ' म्हणजे किंवा, 'मेट' म्हणजे सोबत, 'ब्रीफ' म्हणजे पत्र, 'स्लिम' म्हणजे हुशार, 'किंट' म्हणजे मूल, 'आर्ट्स' म्हणजे डॉक्टर, 'माप' म्हणजे कागद ठेवायची फाइल. 'वी' म्हणजे कोण. 'वार' म्हणजे कुठे, पण 'वाट इज वार?' हा प्रश्न आला तर तिथे तो 'खरं' या अर्थी असतो: यातलं कोणतं विधान खरं आहे? हा प्रश्न आला की सगळे पर्याय एकेक करून मजकुराशी ताडून पाहावे लागतात, त्यामुळे त्याला वेळ जास्त ठेवा.

लांबलचक शब्द मागून वाचा

डचमध्ये दोन-तीन शब्द जोडून एकच लांब शब्द करतात आणि पहिल्या नजरेत धडकी भरते. शाळेत शिकलेला तत्पुरुष समास इथे कामाला येतो: शेवटचं पद मुख्य, आधीची पदं त्याचं वर्णन करणारी. 'झॉर्खफरझेकरिंग' मध्ये शेवटी 'फरझेकरिंग' म्हणजे विमा आणि आधी 'झॉर्ख' म्हणजे आरोग्यसेवा, म्हणून आरोग्य विमा. 'हूरटूस्लाख' मध्ये शेवटी सरकारी भत्ता आणि आधी भाडं. 'अफव्हालकालेंडर' मध्ये कॅलेंडर आहे, ते कचऱ्याचं. रोज असे पाच शब्द वहीत घ्या, शब्द जिथे तुटतो तिथे उभी रेघ मारा आणि अर्थ लिहिताना उजवीकडून डावीकडे या.

काही शब्द फोड करूनही दगा देतात. शाळेच्या पत्रातला 'स्टुडीडाख' सरळ अर्थाने 'अभ्यासाचा दिवस', पण तो अभ्यास शिक्षकांचा असतो आणि मुलांना त्या दिवशी सुट्टी असते. 'रेसेप्ट' म्हणजे पाककृती आणि डॉक्टरांची चिठ्ठीही. आजूबाजूला औषधाचं दुकान म्हणजे 'आपोटेक' दिसतंय की कांदा-बटाटा, त्यावरून ठरवायचं.

क्रियापदाची दोन टोकं

'ऑपबेलन', 'अफझेखन', 'ऑपहालन', 'मेनेमन', 'इनलेव्हरन' ही क्रियापदं वाक्यात तुटतात. मुख्य भाग दुसऱ्या जागी बसतो आणि तुटलेला तुकडा वाक्याच्या शेवटी जातो. 'झेख्ट' म्हणजे सांगतो, पण शेवटी 'अफ' आलं तर अर्थ 'रद्द करतो' असा होतो. मधे दहा शब्द आले की तो शेवटचा तुकडा डोळ्यांतून सुटतो आणि भेट रद्द करणारा माणूस भेट ठरवणारा होऊन बसतो.

सरावाला मजकूर छापून घ्या आणि पेन्सिल हातात ठेवा. प्रत्येक वाक्यातलं क्रियापद गोल करा, मग पूर्णविरामाच्या आधीच्या शब्दाकडे बघा. तिथे 'ऑप', 'अफ', 'आन', 'आउट', 'इन', 'मे', 'टेरुख' असा तुकडा लटकलेला दिसला तर तोही गोल करून दोन्ही गोल रेघेने जोडा. आठवडाभरात पेन्सिल न धरताही डोळे आपोआप वाक्याच्या शेवटी जाऊ लागतात.

'ओमडाट', 'आल्स', 'डाट' यांनी सुरू होणाऱ्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं. यासाठी वेगळी मेहनत नको, मराठीत ते तसंच असतं. भूतकाळी रूपांचा मात्र त्रास होतो, कारण ती शब्दकोशात त्याच रूपात सापडत नाहीत. सुरुवातीला 'खे' दिसलं की ते काढून मूळ क्रियापद शोधा. तुटणाऱ्या क्रियापदात हे 'खे' मधे घुसतं: 'ऑपखेहाल्ट' म्हणजे आणलेलं, घेऊन गेलेलं. अनेकवचनातही अक्षरं बदलतात. 'हाउस' चं 'हाउझन', 'ब्रीफ' चं 'ब्रीव्हन'.

एक स्पष्ट सल्ला: 'दे' आणि 'हेट' ही दोन उपपदं कोणत्या नामाला लागतात, विशेषणाला शेवटी 'अ' कधी लागतो, यावर वाचनाच्या तयारीत एक मिनिटही घालवू नका. लेखनाच्या भागासाठी ते शिका. वाचताना अर्थ त्यावर अडत नाही. त्याऐवजी 'झे' कडे बघा. याचा अर्थ 'ती' ही होतो आणि 'ते लोक' ही. 'झे वेर्क्ट' मधली एकटी बाई, 'झे वेर्कन' मधली अनेक माणसं. क्रियापदाचं शेपूट बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

एक सूचना, बारकाईने

सरावासाठी बनवलेली ही सूचना पाहा. इमारतीच्या दारावर लावलेली आहे, असं समजा:

'बेस्ट बवोनर्स, ऑप डिन्सडाख १४ मार्ट इज एर टुसन ९.०० एन १२.३० यूर खेन वार्म वाटर. दे मॉन्टर वेर्क्ट आलेन इन दे केल्डर. यू हूफ्ट नीट टाउस ते ब्लायव्हन. हेफ्ट यू ओम १३.०० यूर नॉख खेन वार्म वाटर? बेल दान दे हाउसमेस्टर.' (मराठीत: रहिवासीहो, मंगळवारी १४ मार्चला ९.०० ते १२.३० गरम पाणी नसेल. मेस्त्री फक्त तळघरात काम करेल. तुम्ही घरी थांबायची गरज नाही. १३.०० वाजता अजून गरम पाणी नाही? मग इमारतीच्या व्यवस्थापकाला फोन करा.)

प्रश्न: दुपारी एक वाजता गरम पाणी नसेल तर रहिवाशाने काय करायचं? पर्याय: पहिला, घरी थांबायचं. दुसरा, तळघरात मेस्त्रीकडे जायचं. तिसरा, इमारतीच्या व्यवस्थापकाशी संपर्क साधायचा.

आधी प्रश्न वाचला की शोधायचं काय ते ठरतं: १३.००. आकडा मजकुरात चटकन सापडतो. आता पूर्ण सूचना वाचायची गरज नाही, ते वाक्य आणि त्याच्या पुढचं वाक्य नीट वाचायचं. डच सूचनांमध्ये 'जर' हा शब्द पुष्कळदा नसतोच. क्रियापद पुढे आणून प्रश्नासारखं वाक्य करतात आणि पुढच्या वाक्यात 'दान' म्हणजे 'तर' येतं. 'पाणी अजून आलं नाही? मग व्यवस्थापकाला फोन करा.' प्रश्नचिन्हाकडे पाहून 'हे आपल्याला विचारलंय' असं समजणारे इथे गोंधळतात.

आता पर्यायांकडे वळा. पहिल्यात 'टाउस ब्लायव्हन' हे शब्द मजकुरातून जसेच्या तसे उचलले आहेत, पण मजकुरात त्यांच्याआधी 'हूफ्ट नीट' होतं. दुसऱ्यात 'केल्डर' आणि 'मॉन्टर' हे दोन्ही शब्द सूचनेतले, पण मेस्त्री तिथे काम करतोय एवढंच लिहिलं आहे. बरोबर पर्यायात 'बेल' हा शब्दच नाही. तिथे 'कॉन्टाक्ट ऑपनेमन' म्हणजे संपर्क साधणं असेल. बरोबर उत्तर बऱ्याचदा शब्द बदलून येतं आणि चुकीचं उत्तर मजकुरातले शब्द घेऊन. मजकुराशी सगळ्यात जास्त जुळणारा पर्याय दिसला, तर त्याच्यावर टिचकी मारण्याआधी आजूबाजूला 'नीट', 'खेन', 'आलेन', 'पास' आहे का ते पाहा.

याच पद्धतीने रोज एक छोटा मजकूर घ्या आणि स्वतःच तीन पर्यायांचा प्रश्न बनवा: एक बरोबर, दोन फसवे, फसव्यांत मजकुरातले शब्द वापरून. घरात दोघं परीक्षा देत असाल तर प्रश्नांची अदलाबदल करा. फसवा पर्याय स्वतः रचायला लागलात की परीक्षेतला ओळखायला वेळ लागत नाही.

वाचायला काय घ्यायचं

बातम्यांनी सुरुवात करू नका. ए-२ ला येतो तो मजकूर रोजच्या जगण्यातला: शाळेचं पत्र, शेजाऱ्याचा ईमेल, नोकरीची जाहिरात, दवाखान्याचं माहितीपत्रक, दुकानाचा वस्तू परत घेण्याचा नियम. हे सगळं घरी फुकट येऊन पडतं. आल्बर्ट हाइन या सुपरमार्केटच्या साप्ताहिक सवलतींमध्ये 'ट्वेडे हाल्व्हे प्रैस' म्हणजे दुसरी वस्तू अर्ध्या किमतीत, हे वाचून दोन वस्तूंचे एकूण किती होतील ते काढा. खेमेन्ते म्हणजे नगरपालिकेच्या संकेतस्थळावर मोठा कचरा कसा टाकायचा किंवा घर बदलल्याचं कसं कळवायचं, ते पान वाचा. आरोग्यासाठी 'टाउसआर्ट्स' हे संकेतस्थळ उत्तम. सोप्या डचमध्ये, छोट्या वाक्यांत एकेका आजाराची माहिती आहे. ए-२ पेक्षा ते किंचित वर जातं, पण एका वेळी एक परिच्छेद झेपतो. मुलांसाठीचं बातमीपत्र 'यूख्टजर्नाल' शेवटच्या टप्प्यात वेगासाठी चालेल. गावच्या वाचनालयात सोप्या डच भाषेतल्या पुस्तकांबद्दल विचारा.

मोबाइलचं भाषांतर बंद करू नका, त्याचा क्रम बदला. आधी दहा मिनिटं न बघता वाचायचं, 'हे कोणी कोणाला लिहिलंय, का लिहिलंय, मला काय करायला सांगितलंय' याची उत्तरं मराठीत एकेका ओळीत लिहायची, मग भाषांतर उघडून ताडायचं. परीक्षेतही 'हे पत्र कशासाठी लिहिलं आहे' असे प्रश्न असतात आणि त्यांचं उत्तर बहुधा पहिल्या किंवा शेवटच्या दोन ओळींत सापडतं.

नवीन शब्द दिवसाला आठ-दहा पुरे, आणि सुटे नकोत, ज्या वाक्यात भेटले त्या वाक्यासकट. 'ऑपझेखन' एकटं लिहिलं तर विसरेल. 'भाडेकरार ऑपझेखन', 'वर्गणी ऑपझेखन' असं लिहिलं तर 'मोडणं, बंद करणं' हा अर्थ राहील.

शेवटचे दोन आठवडे

आता राखून ठेवलेल्या सराव परीक्षा काढा, तीन-चार दिवसांच्या अंतराने एकेक. संगणकावरच द्या, कागदावर नाही. मजकूर एकीकडे आणि प्रश्न दुसरीकडे असा पडदा आधी डोळ्यांखालून गेलेला असेल तर परीक्षेच्या दिवशी त्यात वेळ जात नाही. ५० मिनिटांत संपवायचा प्रयत्न करा, म्हणजे खऱ्या परीक्षेत पंधरा मिनिटं हातात राहतील. तीन मिनिटांत उत्तर सुचत नसेल तर त्यातल्या त्यात बरा पर्याय निवडून प्रश्न क्रमांक ध्यानात ठेवा आणि पुढे चला. कोणताही प्रश्न कोरा सोडू नका.

प्रत्येक परीक्षेनंतर पहिल्या दिवसाची कारणांची यादी पुन्हा भरा. मुख्य शब्द न कळल्याच्या चुका उरल्या असतील तर हरकत नाही. मजकुरात प्रत्येक शब्द कळणार नाहीच, आणि दोन-चार अनोळखी शब्द सोडून पुढे जाता येणं हेही तयारीतच मोडतं. छोट्या शब्दांच्या चुका मात्र दोन-तीनच्या वर राहिल्या असतील तर तारीख जवळ असली तरी नवीन मजकूर थांबवा आणि 'हूफ्ट नीट', 'पास', 'टॉट एन मेट' च्या पानांवर परत या.

परीक्षेची नोंदणी डिजिडी हे सरकारी लॉगिन वापरून ड्यूओच्या संकेतस्थळावर होते. तारखा लवकर भरतात, त्यामुळे तयारी पूर्ण व्हायची वाट न पाहता पहिल्या सराव परीक्षेनंतरच सहा-आठ आठवड्यांनंतरची तारीख शोधायला लागा. केंद्रावर वैध ओळखपत्र लागतं. त्यावरचं नाव नोंदणीतल्या नावाशी जुळतंय का, हे मधलं नाव आणि आडनाव यांच्या क्रमासकट आधीच पाहून ठेवा. वाचनात कमी पडलात तर बाकीचे उत्तीर्ण भाग तसेच राहतात, फक्त वाचनाचा भाग पुन्हा द्यावा लागतो.